टाके सुटू नयेत म्हणून

कोमल : अहो, ही खिचडी आहे की पाणी? चमचा फिरवून फिरवून एक डाळ सापडली.

शिवशंकर : शेजारच्या शहनाजभाभीला मीच सांगितलं, पातळ करा म्हणून. चावायचं कामच न्हाई तुला. मऊ खायाचं, कोमट खायाचं, अन् समोरच्या दाताला शिवू द्यायाचं न्हाई. हाडात स्क्रू बसवलाय तो. हाडानं धरोस्तर त्याला हलू द्यायाचा न्हाई.

कोमल : मला सांगताय? खुर्चीत मी होते. तुम्ही बाहेर पेपर वाचत बसला होतात.

शिवशंकर : कशाचा वाचतो! उलटा धरला होता. तिथला कंपाउंडर हासून राहिला होता माझ्याकडं पाहून.

कोमल : हसवू नका, ओढ बसते.

शिवशंकर : अन् जीभ लावू नको. आत्ता लावली तू. ओठ हालला.

कोमल : आता ओठावर पण पहारा का?

शिवशंकर : व्हय, पहारा. पहिल्या रात्री उशी लाल झाली होती, तुला गुंगीत काय कळलं? मी नांदेडला डॉक्टरला फोन लावला. ते म्हणले, बर्फ लावा, पट्टीचा बोळा दाबून धरा. अन् टाके निघोस्तर तोंड मोठं करू देऊ नका. जोरात चूळ न्हाई, ओरडणं न्हाई, रडारड न्हाई.

कोमल : रडारड? रडारड म्हणाले डॉक्टर?

शिवशंकर : म्हणजे... जोर पडू नाही, असं.

कोमल : हे आज पहिल्यांदा सांगताय तुम्ही.

शिवशंकर : राहिलं सांगायाचं.

कोमल : माझा फोन कुठे आहे?

शिवशंकर : चार्जिंगची पिन गेली म्हणून मुन्नाच्या दुकानात दिला ना. सामान यायाचं हाय.

कोमल : मग तुमचा द्या. बाबांना लावते.

शिवशंकर : जास्ती बोलू नको म्हणले तुला.

कोमल : मी कुठे बोलते, तेच बोलतात. रोज संध्याकाळी. 'कोमे, काय खाल्लं? सूज उतरली का?' त्यांच्या दारातल्या हापशाचा दांडा उसळून माझ्या तोंडावर बसला, तेव्हापासून स्वतःलाच शिव्या देत बसलेत. दांडाच काढून फेकला त्यांनी. गल्लीतल्या बाया भांडायला आल्या, तर म्हणाले, माझ्या लेकीचा दात आणून द्या, मग दांडा देतो. असा माणूस परवापासून एक फोन करत नाही?

शिवशंकर : रेंज नसंल.

कोमल : शिरड शहापूरला रेंज नाही?

शिवशंकर : खाऊन घे. गार होऊन राहिली.

कोमल : मला गारच चालते. परवा मध्यरात्री घरी आलात, काल पुन्हा दिवसभर कुठे गेला होतात?

शिवशंकर : सांगितलं की. पाटलाच्या विहिरीतली मोटार काढायला.

कोमल : संध्याकाळी आलात तेव्हा आरोही पळत आली फाटकापाशी. तुम्ही तिला उचललं नाही. 'शिवू नको' म्हणून ओरडलात लेकरावर. कपड्यांसकट बाहेरच्या नळाखाली बसलात आणि मग घरात आलात.

शिवशंकर : चिखल होता अंगाला.

कोमल : पँटला चिखल नव्हता. दोरीवर मीच वाळू घातली.

शिवशंकर : तू पण ना, पोलिसात पाह्यजे होती.

कोमल : देवापुढं दिवा लावला नाहीत. काल नाही, आज सकाळीही नाही. मी उठले तर 'वाकू नको' म्हणालात.

शिवशंकर : वाकल्यावर ठणका लागतो, म्हणून म्हणलं.

कोमल : आणि शहनाजभाभी. काल डबा, आज डबा. मला वाटलं, माझ्यासाठी मऊ करून आणतात बिचाऱ्या. पण डबा तिघांचा असतो. तुमच्यासाठी पोळ्या, आरोहीसाठी वरणभात. आज माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोंडाला ओढणी लावून निघून गेल्या. दात बसवला म्हणून कोणी रडतं का हो?

शिवशंकर : त्यांचा जीव लई हाय तुझ्यावर.

कोमल : घरातलं कोणी गेलं की चूल पेटत नाही. मग शेजारचा डबा येतो.

शिवशंकर : कोमल...

कोमल : कोण गेलं?

*(आतल्या खोलीत आरोही झोपेत कुरकुरते आणि गप्प होते. दोघंही उठत नाहीत.)*

शिवशंकर : आधी तोंड मिटून घे. माझ्याकडं पाह्य. तुला आरोहीची आण हाय, तोंड मोठं करू नको.

कोमल : बाबा?

शिवशंकर : हळू.

कोमल : बाबा का? एवढंच सांगा.

शिवशंकर : व्हय.

कोमल : कधी?

शिवशंकर : परवा दुपारी छातीत दुखलं त्यांच्या. हिंगोलीला दवाखान्यात नेलं. मी तडक तिकडंच गेलो. रात्रीच गेले. काल माती झाली.

कोमल : झाली.

शिवशंकर : मामीच म्हणल्या. तुझ्या आईच. 'माझ्या पोरीला आत्ताच सांगू नका, रडून रडून टाके सुटतील तिचे.' टाके निघाल्यावर सांगायाचं ठरलं आमचं.

कोमल : आईनं ठरवलं?

शिवशंकर : समद्यांनी मिळून.

कोमल : समद्यांनी. मी सोडून.

शिवशंकर : हात काढ. तोंडात हात घालू नको, जंतू जातेत. कोमल, हात काढ बरं.

कोमल : तुम्ही दवाखान्यात होतात. बोलत होते ते?

शिवशंकर : थोडं थोडं.

कोमल : माझं नाव काढलं?

शिवशंकर : औषधाची गुंगी होती लई...

कोमल : काढलं का?

शिवशंकर : 'कोमीला आणा' म्हणले.

कोमल : मग?

शिवशंकर : मी म्हणलं, मामा, तिचं आत्ताच ऑपरेशन झालंय, गाडीवर धक्के बसतील. उद्या आणतो. तर म्हणले, 'बराबर हाय. धूळ जाईल तिच्या तोंडात. नका आणू.'

कोमल : असं म्हणाले?

शिवशंकर : व्हय. मग घडीभरानं डोळे उघडले अन् पुन्हा इचारलं, 'कोमी आली का?'

कोमल : तुम्ही काय सांगितलं?

शिवशंकर : बोळा बदल आधी. हा घे.

कोमल : काय सांगितलं तुम्ही?

शिवशंकर : निघाली म्हणलं. वाटंवर हाय म्हणलं.

कोमल : आणि ते?

शिवशंकर : दाराकडं पाहत राहिले.

कोमल : कळमनुरीहून हिंगोली किती लांब आहे हो?

शिवशंकर : बोलू नको आता. पट्टी लाल होऊन राहिली तुझी.

कोमल : रिक्षा असती. बस असती. मी तोंडाला रुमाल बांधून आले असते. नुसती समोर उभी राहिले असते, एक शब्द बोलले नसते. त्यांना तेवढंच पाहिजे होतं.

शिवशंकर : मला ती उशीच दिसून राहिली होती. डोळे झाकले की उशी. मामांचं तसं चालू, अन् इकडं तू. आरोहीला घेऊन मी एकटा काय करू, असं झालं माझं. डोकंच चाललं न्हाई.

कोमल : डॉक्टर काय म्हणाले होते, ऐकलं होतंत? हाडानं नाही धरला स्क्रू, तर काढायचा. थांबायचं काही महिने. आणि पुन्हा बसवायचा.

शिवशंकर : ऐकलं होतं.

कोमल : पुन्हा बसवता येतो तो.

शिवशंकर : मार मला. काही पण कर. पण अशी हळू बोलू नको.

कोमल : तुम्हीच सांगितलं ना, हळू बोल. गाडी काढा. शिरडला जायचं.

शिवशंकर : उद्या सकाळी राख सावडायची हाय. तवा नेतो, हळूहळू.

कोमल : पुन्हा उद्या?

शिवशंकर : न्हाई. आत्ता. आत्ता नेतो. पण तिथं बाया जमल्यात. तू दारात गेली की गळ्यात पडतील. मामीला पाहून तुला आवरणार न्हाई.

कोमल : लेक वेशीपासून रडत येते, अहो. सगळं गाव कान देऊन बसलेलं असतं, तातेरावची पोरगी कधी येते म्हणून. मी तोंड मिटून जाऊ? बाप गेला आणि दाताला जपत आली म्हणतील.

शिवशंकर : म्हणू दे लोकायला.

कोमल : लोकांचं जाऊ द्या. मला रडायचंय.

शिवशंकर : रड. पट्टीचे बोळे घेतो संगं. जास्तीचे घेतो. भाभीला हाक मारतो, आरोहीला शालीत गुंडाळून देतील.

कोमल : थांबा. बसा जरा. एक सांगा.

शिवशंकर : काय?

कोमल : शेवटी तुम्ही पाहिलं ना त्यांना? घरी आणल्यावर? चेहरा कसा होता?

शिवशंकर : चांगला होता. कसलीच तकलीफ दिसत नव्हती. उताणे झोपल्यावानी, हात छातीवर घेऊन. समदेच म्हणले, किती शांत झोपलेत.

कोमल : बाबा उताणे झोपत नाहीत.

शिवशंकर : कोमल...

कोमल : कुशीवर झोपतात. भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन. उताणं निजलं की त्यांना झोप येत नाही. मी असते तर सांगितलं असतं.