मिचमिचणारा दिवा

मशीन आपल्या पाठीमागे काय करतंय हे बघायला तुमच्याकडे आता फोन आहे. आमच्या कुंभकोणमच्या घरी शेजारच्या पाट्टी, म्हणजे तमिळ आजी, होत्या.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. काकांचं मृदंगवादन पहिल्यांदाच टीव्हीवर दाखवणार होते, आणि नेमकी त्याच सकाळी जवळच्या तिरुप्पनंदाळला नात्यातली मुंज, काकांसकट सगळ्यांना जायचं होतं. अप्पांनी घाईघाईत व्हीसीआरवर रेकॉर्डिंगची वेळ लावली आणि घराची किल्ली पाट्टींना दिली. "दहा ते साडेदहा हा लाल दिवा लागलेला हवा. तेवढं बघा."

संध्याकाळी आलो तर पाट्टी ओट्यावरच बसलेल्या. "लागला होता," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "सारखा मिचमिचत होता."

अप्पा खूश. "म्हणजे जोरात काम चाललं होतं."

काका मुंजीच्या धोतरातच टीव्हीसमोर बसले. अप्पांनी कॅसेट मागे न्यायला बटण दाबलं. मशीन हलेना. आत कॅसेटच नव्हती.

आई हळूच देवघराकडे बघायला लागली. आमच्याकडे नवी वस्तू आधी देवापुढे जाते. कॅसेट कुंकू लावून घेऊन अजून कृष्णापुढेच होती. दिवा बिचारा सकाळपासून कॅसेट मागत होता.

काकांनी पाट्टींना विचारलं, "तुम्ही तरी तुमच्या टीव्हीवर बघितलंत ना?"

"कसं बघणार? अर्धा तास तुमच्या दिव्यासमोर बसले होते."

काका हसत सुटले. मग मृदंग काढून तिथेच अर्धा तास वाजवला. पाट्टींनी मांडीवर ताल धरला, पण दिव्यावरची नजर काही काढली नाही.