शेवटचा आवाज पोचेपर्यंत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले निवृत्त हेडमास्तर श्री. आलस्टर मॉरिसन, व्यासपीठावरचे आदरणीय पाद्रीसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते टॉर्कल मकॉले, म्हणजे सगळ्या बेटाचे टॉर्कलकाका, आणि एवढ्या वाऱ्यापावसात येऊन ओले कोट खुर्च्यांच्या पाठीवर वाळत घालून बसलेल्या बंधुभगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. घरी बोलते, तेही आमचे हे ऐकतात अशातला भाग नाही. पण काकांनी स्वतः सांगितलं, "केट-अ‍ॅन, तू बोल. तू खरं ते सांगशील." तेव्हा खरं सांगणं आलं.

एकेचाळीस वर्षं काकांनी आपल्या चर्चमध्ये गेलिक भाषेतल्या स्तोत्राची ओळ दिली. पेटी नाही, वाद्य नाही. ते एकटे उभे राहून ओळ सोडणार, आपण बाकांवर बसून ती उचलणार, ज्याच्या त्याच्या गळ्याच्या वळणाने. कुणी पुढे, कुणी मागे. आणि शेवटचा आवाज पोचल्याशिवाय पुढची ओळ नाही! माझी सासू शेवटच्या वर्षी दमेकरी झाली होती. सगळी मंडळी तिच्यासाठी थांबायची. तिला मात्र वाटायचं, आपण वेळेवर पोचलो.

ग्लासगोहून विद्यापीठाची मंडळी आली, ध्वनिमुद्रण करून गेली. तिकडच्या महोत्सवात ते ऐकून लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आनंदच आहे. पण टाळ्या वाजवणारे झील धरतात का? काका मुलीकडे इन्व्हरनेसला जाणार हे ठरलं, तेव्हा याच हॉलमध्ये बैठक झाली. ओळ द्यायला माणूसच उरला नव्हता. कुणीतरी म्हणालं, "काकांचं रेकॉर्डिंग लावू." काका म्हणाले, "लावा की. पण म्हातारी खोकली तर ते थांबणार आहे का?"

आता शोनागचं. आपली शाळेची बस चालवणारी शोनाग. ती बसमध्ये ओळ द्यायची आणि पोरं झील धरायची. मला ते खपलं नाही. आपल्याकडे बाईने ओळ दिल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मी फाट्यावर बस थांबवून तिला सुनावलं, "बस म्हणजे काय चर्च आहे?"

ती म्हणाली, "मावशी, देवाला बसमध्ये चढायला मनाई आहे का? बसू दे की त्याला मागच्या सीटवर."

मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही.

मग आला प्रभुभोजनाचा रविवार. काकांच्या कानात शुक्रवारीच नवं यंत्र बसवलेलं. इतक्या वर्षांनी स्वतःचा आवाज स्वतःला नीट ऐकू आला, आणि काका गडबडले. पट्टी चढी लागली! पहिली ओळ आपण कशीबशी ओढली. दुसऱ्या ओळीत चाल वर चढते. तिथे एकेका बाईचा आवाज फाटला. पुरुषांनी माना खाली घातल्या. तिसऱ्या ओळीला काका एकटे. आपल्याकडे स्तोत्र अर्ध्यावर सोडत नाहीत. चौथीला काका समोरचा कठडा धरून उभे होते, तोंड उघडं होतं, आवाज नव्हता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून चौथी ओळ आली. खालच्या पट्टीत, स्वच्छ. शोनाग.

मंडळी, ती ओळ तशीच अधांतरी राहिली. कुणी उचलेना. सगळे पाद्रीसाहेबांकडे बघत होते, आणि पाद्रीसाहेब, माफ करा, तुम्ही पुस्तकाकडे बघत होतात. ओळ देणाऱ्याच्या मागे झील नसली, तर ते नुसतं एका बाईचं ओरडणं. हे मला ठाऊक होतं. आणि मी गप्प बसले असते, तर माझ्या बाकावरच्या सगळ्या बायका गप्प बसल्या असत्या, हेही ठाऊक होतं.

मला सासू आठवली. मी तोंड उघडलं.

माझा आवाज काही गोड नाही. पण शेजारची पेगी आली, मग तिचा नवरा, मग सगळं चर्च. काकांनी यंत्र काढून खिशात टाकलं, कठड्यामागून खाली उतरले आणि पुढच्या बाकावर बसले. पाचवी ओळ द्यायची वेळ आली, तेव्हा मागे वळून म्हणाले, "चल गं पोरी, आम्ही वाट बघतोय."

पुढच्याच आठवड्यात चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींनी शोनागला ओळ द्यायची मुभा दिली. बसमधली नऊ पोरं आता तिच्याबरोबर पुढे बसतात. त्यांतली दोन स्वतः ओळ देऊ बघतात. एक भलतंच वर चढतं. चढू दे. खाली यायला शिकेल.

काका, एकेचाळीस वर्षं तुम्ही आमच्यासाठी थांबलात. इन्व्हरनेसहून याल तेव्हा माझ्या शेजारी जागा धरलेली असेल. दम लागला तर लागू दे, आम्ही थांबू.

अध्यक्षांचे, पाद्रीसाहेबांचे आणि स्कोन भाजून आणणाऱ्या सगळ्या बायकांचे मनापासून आभार. बोलताना माझी पट्टी कुठे चढली असेल, तर तुम्ही ती खाली उतरवून घ्या. आणि आता शोनाग, ओळ दे.