मुराळी मागच्या दारानं

कमलबाई : पुढून नको, गिरधरभाऊ, इकडं या, मागच्या दारानं. ओट्यावर आमची पोरं झेंड्यांना काठ्या लावत बसलीत.

गिरधर : सख्ख्या बहिणीला बाळंतपणाला न्यायला आलो, मावशी. मुराळी असा चोरासारखा आलेला मी तरी पाहिला नाही.

कमलबाई : मग आज पाहून घ्या. धुळ्याला तुमचे वडील आमच्या पक्षाला शिव्या घालत भाषणं ठोकताहेत. त्यांचा मुलगा आमच्या दारात दिसला, तर दिवस मावळायच्या आत यावलपर्यंत बोभाटा. बसा, गूळपाणी घ्या.

प्रमिला : दादा! आई बरी आहे ना?

गिरधर : बरी कसली, आतबाहेर करतेय. माळ्यावरचा पाळणा काढून धुऊन ठेवलाय. चल, मोटार केळीच्या बागेआड उभी केलीय.

प्रमिला : मी येत नाही.

गिरधर : वेड लागलं का? नववा लागलाय तुला!

प्रमिला : मतदान झालं की येईन. उमेदवाराची बायकोच विरोधकाच्या घरी जाऊन बसली, तर लोक काय म्हणतील? हे म्हणाले, एवढे दिवस कळ काढ. यांचं पहिलंच उभं राहणं आहे, दादा. आजेसासरे बेचाळीसला तुरुंगात गेले, मग आमदार झाले. सासरे जाईपर्यंत पंचायत समितीचे सभापती. आणि हे जिल्हा परिषदेला पडले, तेही माझ्यामुळं, तर? जन्मभर ऐकावं लागेल मला.

गिरधर : लीलाधरराव आहेत कुठं? मीच बोलतो.

प्रमिला : जीपमध्ये. कुठल्या गावाला, ते मला कोण सांगणार? घरी येतात ते सदरा बदलायला. परवा म्हटलं, आज बाळ हलत नाहीये, मला भीती वाटतेय. तर म्हणाले, ‘हो हो, बघतो, सांगतो कुणातरी कार्यकर्त्याला.’

गिरधर : कार्यकर्त्याला! वा रे वा! मावशी, तुम्ही सासू असून गप्प बसलात?

प्रमिला : त्यांना कशाला बोलतोस? आणि तुला बोलावलं कुणी? मी तर काहीच कळवलं नव्हतं.

कमलबाई : मी बोलावलं. फैजपूरच्या एसटीतल्या कंडक्टरपाशी निरोप दिला. तुझी पेटीही भरून ठेवलीय, ती काय कणगीमागं.

प्रमिला : आत्याबाई! यांना न विचारता?

कमलबाई : मला कुणी विचारलं होतं? बावन्न साली माझे सासरे उभे राहिले. लीलाधर सहा वर्षांचा, नि मी दुसऱ्यांदा पोटुशी. माझा भाऊ न्यायला आला, त्याला सासऱ्यांनी ओट्यावरूनच माघारी लावला. सून माहेरी गेली तर आल्यागेल्याला जेवू कोण घालणार? खोटं कशाला बोलू, मलाही पटलं होतं. आमदाराची सून व्हायची हौस होती ना!

प्रमिला : मग?

कमलबाई : मग काय. मतदानाच्या सकाळी भाकरी थापता थापताच कळा सुरू झाल्या. सुईण म्हणे, बाळ आडवं आहे, फैजपूरला दवाखान्यात न्या. नेणार कशात, माय? गावातल्या बठ्ठ्या, एकूणएक गाड्या मतदार आणायला गेलेल्या. आमची गाडी, आमचे बैल, नि आत बसून लोकांच्या सुना चालल्या होत्या मत द्यायला. दिवस कलल्यावर एक गाडी परतली. मुलगी होती. रडलीच नाही.

प्रमिला : या घरात मला कुणी कधीच बोललं नाही हे.

कमलबाई : कोण बोलणार? निकाल लागला, गुलाल उडाला, दारात ही गर्दी. तुझे सासरे आत येऊन मला म्हणाले, आज रडू नकोस, लोक आलेत. मग ते रडायचं राहूनच गेलं बघ.

गिरधर : मावशी...

कमलबाई : तुम्ही पाणी प्या.

प्रमिला : पण आता तसं नाही, आत्याबाई. वीस वर्षं झाली. आता घरची जीप आहे.

कमलबाई : आहे ना. कुठं आहे?

(बाहेर ओट्यावर कुणीतरी घोषणा म्हणून पाहतो, बाकीचे हसतात.)

प्रमिला : मी गेले आणि हे पडले तर?

कमलबाई : पडू दे. पडलेला पाच वर्षांनी पुन्हा उभा राहतो. माझी पोर नाही राहिली.

प्रमिला : आणि लोकांना काय सांगाल?

कमलबाई : सासूनं भांडून हाकलली म्हणेन. त्यावर बठ्ठ्यांचा विश्वास बसतो.

गिरधर : मावशी, लीलाधररावांऐवजी तुम्हालाच तिकीट द्यायला हवं होतं.

कमलबाई : जीभ पुरे, पेटी उचला. जपून, वर बाळंतविडा आहे.

प्रमिला : तुम्हीही चला ना. इथं एकट्या कशा राहाल?

कमलबाई : विरोधकाच्या घरी मीही? मग तर लीलाधरचं डिपॉझिटच जाईल. आणि एकटी कसली? ओटा भरलाय माणसांनी.

प्रमिला : त्यातलं कुणी आत येऊन दोन शब्द बोलतं का तुमच्याशी?

कमलबाई : बोलतं की. ‘काकू, चहा.’

प्रमिला : असं नका ना बोलू. माझा पाय निघत नाही. हे निवडून आले, मिरवणूक दारात आली, तर ओवाळायला घरात कुणी नको का? तुम्हाला तर आता...

कमलबाई : मला नाही चालत, ठाऊक आहे मला. शेजारची प्रभा ओवाळेल. निवडून आलेल्याला ओवाळायला बायका कमी पडत नाहीत.

प्रमिला : आणि पडले तर?

कमलबाई : तर ओट्यावर चिटपाखरू नसेल. तुझ्या आईला नमस्कार सांग. नीघ आता, ऊन चढतंय.

प्रमिला : पडले तर तुम्ही काय कराल, ते सांगा आधी.

कमलबाई : काय करणार? लीलाधर आत येईल, मी ताट वाढीन. कुणापाशी बोलू नकोस हो, पोरी, पण कितीतरी वर्षांत तो माझ्यासमोर बसून जेवला नाही.