लिंबाखालचा कोपरा

लच्छू : हात नका लावू, गुणवंतराव. टँकर भरलेला आहे, चावी माह्या खिशात आहे, अन् आज ग्राउंडवर एक थेंब पाणी पडणार नाई.

गुणवंतराव : लच्छू, डोकं ठिकाणावर ठेव. दुपारी राजुऱ्याच्या पोरी बास्केटबॉल खेळायला येतील. ग्राउंड बघ, काळंकुट्ट झालंय. नुसता कोळसा बसलाय सिमेंटवर. रेफरी पाय घासून पाहील आणि मॅच राजुऱ्याला देऊन मोकळा होईल.

लच्छू : देऊ द्या.

गुणवंतराव : अरे, आज मॅच गेली तर आपली टीम विभागीय स्पर्धेतून बाहेर!

लच्छू : बाहेरच आहे. फक्त तुमाले कोणी सांगतलं नाई. गडचिरोलीच्या पोरीयनं आपल्याले आपल्याच घरात धुतलं. सारं घुग्घुस पाहून राह्यलं होतं. तुमी तवा काय करून राह्यले होते? पावण्याले च्या पाजून राह्यले होते.

गुणवंतराव : पाहुण्यांचा मान ठेवावा लागतो. मंडळाचा अध्यक्ष आहे मी. मंडळ चालवणं म्हणजे खाणीच्या रोडवर पाणी मारणं नव्हे.

लच्छू : हो ना. रोडवर पाणी मारलं तर धूळ खाली तरी बसते. तुमी मंडळात आले तवापासून उडूनच राह्यली.

गुणवंतराव : तोंड सांभाळ हं.

लच्छू : रातपाळी करून मॅचच्या दिवशी मी घरी जात नाई, सीधा इथी टँकर आणतो. कोणी सांगतलं होतं? तुमी? तुमाले तर मालूमही नव्हतं ग्राउंड कोण धुते. तुमाले वाटे, आपोआपच धुतल्या जाते.

गुणवंतराव : तुझ्या ठेकेदाराला एक फोन लावला ना, तर टँकरही जाईल आणि नोकरीही.

लच्छू : लावा. नंबर देऊ? त्याची पोरगी याच टीममधी खेळून गेली. तोच मले म्हणते, जाय बाबा लच्छू, पोरी घसरतीन.

गुणवंतराव : मग तुझं म्हणणं तरी काय आहे? एकदाचं ओक.

लच्छू : नंदिनीबाईले वापस आणा. त्या बाईनं या धुळीतून पोरी काढल्या अन् राज्याच्या टीममधी पाठवल्या. तिले काढून कोच कोणाले केलं? तुमच्या साळ्याले! श्रीहरी मॅचभर मोबाईल कानाले लावून उभा. टाइमआउटमधी पोरी त्याच्या तोंडाकडं पाहतेत, अन् तो म्हणते, हॅलो.

गुणवंतराव : श्रीहरीनं कोर्स केलाय कोचिंगचा.

लच्छू : कोर्स मीबी केला, खाणीत आग विझवायचा. म्हणून मले फायर ब्रिगेडचा साहेब केला काय कोणी? अन् रिंग काऊन वाकली? ऑर्केस्ट्राचा मंडप तिले बांधला म्हणून. अन् बोर्डावर काय लावलं? तुमच्या वाढदिवसाचा फ्लेक्स! बोर्डावरचा चौकोन पाहून पोरी नेम धरतेत. आता तिथी तुमचे गाल आहेत.

गुणवंतराव : तो शुभेच्छुकांनी लावला.

लच्छू : शुभेच्छुक! खाली सारे तुमच्याच घरच्यायचे नावं आहेत. तुमच्या नातवाचंही आहे, त्याले अजून दात नाई आले.

गुणवंतराव : घरच्यांवर जाऊ नको.

लच्छू : अन् वरून नागपूरच्या तीन पोरी आणल्या. आपल्या आचल, भाग्यश्री बाकावर बसून त्यायले टॉवेल देतेत. सांगू का टीम कुठी मेली? त्या लिंबाखालच्या कोपऱ्यात. दुसऱ्या हाफमधी आपण त्या बाजूनं खेळतो. दोन साल झाले, त्या कोपऱ्यात आपली एक पोरगी जात नाई. कोपरा रिकामा राह्यते, अन् ह्या गर्दीत घुसतेत, बॉल गमावतेत. मी सारं पाहतो. तुमच्या कोचले दिसत नाई. आंधळा आहे काय तो?

(आचल येते. अंगात टीमची जर्सी, हातात खराटा, पाय घोट्यापर्यंत काळे.)

आचल : झालं का तुमचं भांडण? अर्धं ग्राउंड झाडलं मी. जितकं झाडलं तितकं उडून पुन्हा तिथीच बसलं.

लच्छू : आचल, ठेव तो खराटा. तुह्यासाठीच भांडून राह्यलो मी. तुले बाकावर बसवलं यायनं.

आचल : आज नाई बसत बाकावर. नागपूरच्या पोरी येऊन नाई राह्यल्या.

लच्छू : काय?

आचल : काल संध्याकाळीच फोन आला. त्यायच्या कॉलेजची मॅच आहे. सरांले मालूम आहे.

लच्छू : गुणवंतराव! अन् तुमी इथी उभे राहून मले मॅच शिकवून राह्यले!

गुणवंतराव : मी सांगणारच होतो. सकाळी सकाळी उगाच वातावरण कशाला बिघडवायचं...

आचल : आज आमी पाच जणी, साऱ्या इथल्याच. बदलीले एकही नाई. एक घसरून पडली तर चार जणी खेळू. काका, टँकर आत घ्या.

लच्छू : घेतो. पह्यले यायनं राजीनामा द्यावा. इथीच, तुह्यासमोर.

आचल : मले पाणी पाह्यजे. राजीनामा नाई.

लच्छू : तुले समजत नाई, बाई. असा मौका पुन्हा येत नाई. आज यायची मान माह्या हातात आहे.

आचल : यायची मान नाई, काका. माहा गुडघा.

गुणवंतराव : शाब्बास, आचल. हेच मी याला केव्हाचं समजावून...

आचल : सर, तुमी तर बोलूच नका. शिडी आणा अन् तुमचा फोटो उतरवा. चौकोन दिसत नाई. बॉल तुमच्या नाकाले लागते अन् बाहेर जाते.

लच्छू : वा! अजून सांग यायले. लिंबाखालच्या कोपऱ्याचं सांग.

आचल : ते सांगू?

लच्छू : सांग ना, बेधडक. कोचचीच गलती आहे ना ते?

आचल : लिंबाखाली कोण बसते, काका?

लच्छू : मी बसतो. नेहमीच बसतो. त्याचं काय?

आचल : दोन सालापह्यले तिथूनच माहा नेम चुकला होता. तुमी काय म्हटलं होतं?

लच्छू : मॅचमधी माणूस काहीही बोलून जाते. ते काय ध्यानात ठेवाचं असते?

आचल : "म्हशी, घरी जाऊन भांडे घास." सारे हासले. माही आई पह्यल्यांदा मॅच पाहाले आली होती. तुमच्या मागंच बसली होती. मंग नाई आली ती कधी.

लच्छू : मले काय मालूम, तुही आई...

आचल : मालूम असतं तर दुसरीले म्हटलं असतं. भाग्यश्रीले लंगडी म्हणताच ना. आमी काही ठरवलं नाई, काका. पायच वळत नाई तिकडं. नागपूरच्या पोरी तर दोन मॅचमधीच शिकल्या.

लच्छू : अवं, टीम हरली का जीव जळते माहा. घास उतरत नाई घशाखाली. तुमच्यावर जीव आहे म्हणून तर...

आचल : जीव तुमचा जळते, चटके आमाले बसतेत.

गुणवंतराव : मी तर कमिटीत म्हणालोच होतो, याला ग्राउंडवर बंदीच घाला.

लच्छू : तुमी चूप बसा! पोरीनं शिडी आणाले सांगतलं ना तुमाले?

गुणवंतराव : आणतो. पण मॅच संपू दे, मग तुझ्याकडे बघतो मी.

लच्छू : पाहा. मी कुठी पळून नाई चाललो. अन् नंदिनीबाईचं मी सोडलं नाई, ध्यानात ठेवा. आचल, फाटक उघड. पाणी मारतो. त्या कोपऱ्यापासूनच सुरू करतो.

आचल : करा. पण आज तिथी बसू नका.

लच्छू : म्हणजे घरी जाऊ? राजुऱ्याची मॅच अन् मी घरी? तोंडाले गमछा बांधतो, बाई. एक शब्द नाई काढत.

आचल : पह्यल्या फाउललेच सुटीन तुमचा गमछा.

लच्छू : मंग कुठी बसू, तूच सांग.

आचल : टँकरमधी. फाटकाबाहेर लावा, काच वर करा, अन् जितकं वरडाचं तितकं वरडा.

लच्छू : काचेतून काही दिसत नाई वो. कोळशानं काळी झाली आहे.

आचल : मंग थोडं पाणी राखून ठेवा.