वाचताय की सांगताय

नर्स : पुन्हा एकदा. ताई, तुम्ही वाचताय. आणि तेही शोकसभेत वाचल्यासारखं.

थोरली : मग काय गाऊन दाखवू? कागद तुम्हीच दिलात. ‘नागरिकांनी पिण्याचे पाणी उकळून, गार करून प्राशन करावे.’ प्राशन! आमच्या सात पिढ्यांत कुणी प्राशन केलं नाही. आम्ही आपले पितो.

नर्स : मजकूर वरून येतो. शब्दही बदलायचा नाही, अशी ताकीद आहे. आज सहाला पूरग्रस्तांच्या दोन्ही छावण्यांतल्या सगळ्या फोनांवर तुमचा हा आवाज जाणार. चार्जिंग वाचवायला लोक दिवसभर फोन बंद ठेवतात, सहाला तेवढे उघडतात. ती एकच वेळ आहे आपल्या हातात.

थोरली : उघडतात ते नातेवाइकांसाठी. तुमचा संदेश लागला की आमच्या खोलीतल्या बायका फोन पालथा टाकून गप्पा मारतात. मीसुद्धा मारते. स्वतःचाच आवाज असून ऐकवत नाही.

नर्स : भाजी विकताना तुमची आरोळी म्हणे तीन गल्ल्या पलीकडे जायची. म्हणून तर तुम्हाला धरलं.

थोरली : आरोळी माझी होती. हे प्राशन माझं नाही.

नर्स : बरं, घसा ओला करा. तोवर आलेले प्रश्न ऐकू. ‘शंका असल्यास एक दाबा आणि बोला’ म्हणतो आपण. आज दुपारपर्यंत तिघांनीच दाबलाय. एक विचारतो, वीज कधी येणार. दुसऱ्यानं नुसता खोकला पाठवलाय. हा तिसरा ऐका.

फोनमधला आवाज : हॅलो... बोलू का? बाळाला सकाळपासून जुलाब होतायत. सव्वा वर्षाचा आहे. आमच्या सासूबाई म्हणायच्या, जुलाब लागले की पाणी तोडायचं. तुमचा फोन म्हणतो, पाणी पाजा. जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या पुड्या मिळाल्यात मला, पण फोडल्या नाहीत. एवढंच सांगा, हे तुम्ही सांगताय, की नुसतं वाचताय?

नर्स : अरे देवा, पाणी तोडलंय हिनं. एवढ्याशा जिवाचं! थांबा, नंबर दिसतोय, लावते. ...ताई? काय झालं? बसा आधी.

थोरली : माझी जाऊ आहे ती. धाकटी.

नर्स : मग सोपंच झालं की! कुठल्या खोलीत आहे?

थोरली : खोलीत कुठली? नदीपलीकडच्या छावणीत. पाणी चढलं तेव्हा आम्ही पुढच्या दारानं निघालो, ती मागच्या. दोन होड्या, दोन काठ.

नर्स : फोन बंद लागतोय. तिथल्या शिपायाचा बघते... तोही बंद. आणि आमची सेविका उद्या सकाळच्या होडीनं जाणार. म्हणजे सहाची वाट बघणं आलं. सहाला फोन उघडेल ना ती?

थोरली : उघडेल. ऐकेल की नाही, ते विचारू नका.

नर्स : का? तुमचा आवाज आहे, घरचा.

थोरली : म्हणूनच तर! तिनं आवाज ओळखलाय, बाई. ‘सांगताय की वाचताय’ असं कुणी नर्सला विचारतं का? ते मला विचारलंय. तीन वर्षं अबोला आहे आमचा.

नर्स : तीन वर्षं! कशावरून?

थोरली : मिक्सरवरून.

नर्स : मिक्सरवरून?

थोरली : हसू नका. नवा कोरा होता. तिनं नेला आणि जाळून परत आणला. वर म्हणते, आधीपासून वास येत होता. मी म्हटलं, वास तुझ्या बोलण्याला येतो. झालं. मध्ये एक भिंत, दोन्हीकडे दोन चुली. नवरे रोज एकत्र चहा पितात. आत्ताही दोघं भाऊ घरातला गाळ उपसायला मिळूनच गेलेत. अबोला काय तो आम्हा दोघींचा.

नर्स : आणि बाळ?

थोरली : बाळ अबोल्यानंतरचं. मी त्याला अजून मांडीवर घेतलेलं नाही. भिंतीपलीकडून रडणं तेवढं ओळखते. भुकेचं कुठलं, झोपेचं कुठलं, सगळं कळतं. आणि ही तिकडे त्याचं पाणी तोडून बसलीय! सासूबाई गेल्या, पण त्यांचं ऐकायची खोड काही गेली नाही.

नर्स : ताई, कागद इकडे द्या.

थोरली : का?

नर्स : द्या म्हणते ना. आता वाचायचं नाही. ती समोर बसलीय असं समजा आणि बोला. काय सांगायचं ते पाठ आहे तुम्हाला, इतके दिवस वाचताय. चुकलात तर मी थांबवीन.

थोरली : पण मजकूर बदलायचा नाही ना?

नर्स : सगळ्यांना जातो तो बदलायचा नाही. हा फक्त तिच्या एकटीच्या नंबरवर पाठवते. हं, चालू केलंय. बोला.

थोरली : अगं ए धाकटे. मी बोलतेय. वाचत नाहीये, कागद नर्सबाईंनी काढून घेतलाय. आधी पोराचं पाणी सुरू कर. सासूबाई देवमाणूस होत्या, पण जुलाबातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पोर वाळून जाईल गं पाण्यावाचून! हात साबणानं धू. पाणी खळखळून उकळ, गार कर, लिटरभर मोज आणि अख्खी पुडी टाक त्यात. अर्धी उद्याला ठेवू नकोस, तुझी काटकसर मला माहीत आहे. मग चमच्या-चमच्यानं पाज. ओकलं तर दहा मिनिटं थांब, पुन्हा सावकाश पाज. अंगावरचं दूध तोडू नकोस. आणि ते मलूल पडलं, डोळे खोल गेले, पाणी पिईना, किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर लाजत बसू नकोस. बोंब मार आणि होडी काढायला लाव, रात्र असली तरी. मिक्सर जाळलास तो जाळलास. तो गेला पुरात, त्याचं सुतक आपण किती दिवस पाळायचं? ...ऊठ, पातेलं चढव. मी सांगतेय हे. मी.

नर्स : हं, बंद केलं.

थोरली : काही चुकलं का?

नर्स : नाही. काही नाही. सहा वाजतच आलेत, पाठवते. हे... असं... गेलं.

थोरली : लवकर गेलं की. रोज तर तुमचा फोन गरगर फिरत बसतो.

नर्स : ताई.

थोरली : काय?

नर्स : घाईत बोट दुसरीकडे पडलं. ‘सर्वांना’ गेलं.

थोरली : सर्वांना म्हणजे?

नर्स : दोन्ही छावण्या. आणि यादीत वरचे साहेबही आहेत.

थोरली : अगं बाई! माझा मिक्सर साहेबांपर्यंत गेला?

(बाहेर अंधार पडला आहे. टेबलावरचा फोन सारखा थरथरतो आहे.)

नर्स : हा बघा, आणखी एक. प्रश्नांची रांग लागलीय. एक आजोबा विचारतात, मिक्सर कुठल्या कंपनीचा होता.

थोरली : लोकांना कशाचं काय असतं!

नर्स : पण त्यांच्या पाठोपाठ त्यांच्याच सूनबाई विचारतात, कालवलेलं पाणी किती वेळ चालतं. एक दिवस, मग ओतून द्यायचं, सांगितलं तिला. आपल्याकडच्या पुड्यांचं खोकं तर रिकामंच झालं. इतके दिवस ते बसायला वापरत होतो आपण.

थोरली : साहेब काही बोलले?

नर्स : विचारलं, मजकूर बदललात का. म्हटलं, हो, चूक झाली. म्हणाले, माझ्या बायकोनं दोनदा ऐकला. आणि फोन ठेवला.

थोरली : ते सगळं राहू द्या. तिचा आला का?

नर्स : मी दोनदा लावला. व्यस्त लागतोय. म्हणजे चालू तरी आहे... थांबा. हाच की! हॅलो? बोला, स्पीकरवर टाकलंय.

धाकटी : नर्सबाई, त्या आहेत का तिथं?

नर्स : इथंच आहेत.

धाकटी : त्यांना सांगा, चारचौघांत मिक्सरचा विषय काढायची काही गरज नव्हती. इथं पोरंसोरं मला ‘अगं ए धाकटे’ म्हणून चिडवतायत.

थोरली : तिला विचारा, पुडी फोडली का.

धाकटी : त्यांना सांगा, फोडली. अख्खी. मघापासून चमच्यानं पाजतेय. आणि वास आधीपासूनच येत होता.

थोरली : तिला सांगा, येत नव्हता.

नर्स : मी काय पोस्टमन आहे का? बाळ कसं आहे ते सांगा आधी. पितंय का?

धाकटी : पितंय हो. आधी एकदा ओकलं. मग सांगितलं होतं तशी थांबले. आता तर चमचा धरूनच ठेवतंय, सोडत नाही. पण वास मात्र... अगं बाई! थांबा, थांबा!

थोरली : काय झालं? अगं, काय झालं?

धाकटी : शू केली यानं. माझ्या मांडीवर. सगळं लुगडं भिजवलं.

नर्स : छान! फार छान! दुपारपासून केली होती का?

धाकटी : नव्हती केली. म्हणून तर मी...

थोरली : ते आता मागचं राहू दे. रडतोय तोच ना? त्याला उजेडाशी धर. रडताना डोळ्यांतून पाणी येतंय का बघ.

धाकटी : येतंय, ताई.

थोरली : त्याच्या की तुझ्या?

धाकटी : दोघांच्याही.

थोरली : मग चार घोट तूही घे. घाई नाही. मी ऐकतेय.