सूर्यावरचा ठिपका

(शिरूरमधलं गौतमीचं कॉम्प्युटरचं दुकान.)

गौतमी : थांबा आबा, 'येस' दाबू नका! फॉरमॅट म्हणजे कॅमेऱ्याच्या कार्डातलं सगळं पुसून टाकणं.

पोपटराव : एवढं अदबीनं विचारतंय ते. नाही कसं म्हणायचं, मला कळेना.

हौसराव : ह्यानं जन्मात कुणाला न्हाई म्हटलेलं न्हाई. म्हणून तर गावाचं वाचनालय ह्याच्या गळ्यात.

गौतमी : कार्डात आहे काय?

पोपटराव : काल शुक्र सूर्यासमोरून गेला, त्याचे फोटो. याआधी हे १८८२ साली घडलं होतं; आज जिवंत असलेल्या कुणीही ते पाहिलेलं नाही. दुर्बिणीतून कागदावर सूर्याचं बिंब पाडलं, भाच्याच्या कॅमेऱ्यानं टिपलं. एक काळा ठिपका दिसला. आळीतल्या पोरांना म्हणालो, हा शुक्र.

हौसराव : मी म्हटलं, भिंगावरची धूळ हाय. पोरं खदाखदा हसली.

पोपटराव : तेव्हापासून मलाही धूळच वाटतेय. पोरांना थाप मारली की काय मी?

गौतमी : पण मशीन तर कार्ड रिकामं दाखवतंय.

हौसराव : घ्या! इनामगावातनं शिरूरला आलो कशाला मग?

गौतमी : मामा, चूक मशीनची आहे. ते या कार्डाला भलताच कॅमेरा समजतंय. परवा एक लग्नाचे फोटो काढणारा त्याच्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर टाकून गेला.

पोपटराव : ड्रायव्हर म्हणजे?

गौतमी : सुपारीच्या बैठकीत पाहुण्यांची ओळख करून देणारा मध्यस्थ असतो ना, तसा. त्यानं व्याह्यालाच आचारी म्हटलं तर?

हौसराव : बैठक मोडली!

गौतमी : तेच झालंय. या मध्यस्थाला काढते. मग मशीन स्वतःच कार्डाला विचारेल, तू कोण.

पोपटराव : आतलं जाईल का गं?

गौतमी : आतल्याला हातच लावत नाही.

(मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होते.)

गौतमी : ओळखलं! फोटो आहेत, आबा.

पोपटराव : तूच बघ. धूळ असली तर मला सांगू नकोस.

गौतमी : हा सूर्य ना? ठिपका इथं, अगदी कडेला. पुढच्या फोटोत थोडा आत. त्याच्या पुढच्यात आणखी आत... आबा, हा चालतोय.

हौसराव : माशी आसंल.

गौतमी : सकाळपासून दुपारपर्यंत एका रेषेत चालणारी?

हौसराव : ...केवढा म्हनायचा रं ह्यो शुक्र?

पोपटराव : जवळजवळ आपल्या पृथ्वीएवढा.

हौसराव : म्हंजी घोड नदी, दौंडचं टेशन, समुद्र, समदं धरून?

पोपटराव : सगळं धरून.

हौसराव : आन् मी त्येला धूळ म्हनलो.

पोपटराव : मी तर दिवसभर भिंग पुसत होतो, हौसा.