थोरलीचा एक जून

जबाब
दि. १४/०७/२०२५, दुपारी ३.२० वा.

मी श्रीमती सरूबाई भीमराज ओव्हाळ, वय ४१ वर्षे, धंदा – कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटणे, रा. भाड्याची खोली, भोसरी.

समक्ष हजर राहून सांगते की, मला दोन मुली. धाकटी मिनल, वय ११. थोरलीचे नाव कायद्याने लिहायचे नाही म्हणून हवालदारांनी 'पीडिता' लिहिले. मी म्हटले, "पीडिता कोण? माझी थोरली लिव्हा." म्हणून पुढे थोरली असे लिहिले आहे.

जून महिन्याच्या सुरुवातीला आमच्या शेजारची दिपाली घरी आली. थोरलीला चाकणला पॅकिंगच्या लाइनवर लावते म्हणाली. अठरा पूर्ण लागतात, शाळेचा दाखला द्या म्हणाली. दाखला मी माझ्या हाताने दिला. दोन आठवडे थोरलीचा फोन येत होता, मग बंद झाला. दिपाली म्हणायची, "ताई, ओव्हरटाइम असतो." मी या ठाण्यात दोनदा आले होते. येईल परत, वयच तसं आहे, असे मला सांगण्यात आले.

दि. ०९/०७/२०२५ रोजी पोलिसांनी चाकणकडच्या एका लॉजवर छापा टाकला, तिथे थोरली मिळाली. तिला काय काय करायला लावले ते मला ठाण्यातल्या पोलीस मॅडमनी सांगितले. ते मी माझ्या तोंडाने सांगणार नाही. थोरलीने दिपालीचे नाव घेतले नाही, म्हणून गुन्ह्यात दिपालीचे नाव नाही.

थोरलीला महिलांच्या संस्थेत ठेवले. दाखल्यावर जन्मतारीख ०१/०६/२००७ आहे, म्हणजे ती सज्ञान, तिला बालकल्याण समितीपुढे नेता येत नाही आणि मर्जीविरुद्ध ठेवताही येत नाही, असे संस्थेच्या अंजली मॅडम म्हणाल्या. मॅडम वाईट नाहीत. त्यांनी मला चहा दिला.

ती तारीख खोटी आहे. थोरली २००८ सालच्या नागपंचमीला घरीच झाली, नोंद केली नाही. मी कांदा निवडायला जायचे, पोर कुणापाशी ठेवू? पहिलीला सहा पूर्ण पाहिजेत म्हणाले. तिला पाचही नव्हती. मी सहा सांगितली, गुरुजींनी एक जून टाकला आणि साल मागे घेतले. खोटे सांगितल्याचा गुन्हा होत असेल तर माझ्यावर करा. त्यावर हवालदार भिमाजी म्हणाले, "माझाबी एक जूनच हाय, ताई. निम्म्या ठाण्याचा हाय." मग हाडांची तपासणी करा असे मी म्हटले. दाखला असताना ती होत नाही असे साहेबांनी सांगितले. आग लागो त्या दाखल्याला. हे पण लिहा म्हटले, म्हणून लिहिले आहे.

काल संस्थेत पाच मिनिटे भेट दिली. मॅडम दाराशी उभ्या होत्या. थोरली माझ्या कानाशी म्हणाली, "आई, दिपालीमावशीबरोबर जाते म्हणून मी लिहून दिलंय. न्हाई गेले तर मिनलला नेतील. तिची शाळा, रिक्षा, समदं ठावं हाय त्यांना." मी हे मॅडमना लगेच सांगितले. त्यांनी थोरलीला विचारले, स्वखुशीने जातेस ना? ती हो म्हणाली. मॅडम म्हणाल्या, तुम्ही ठाण्यात जबाब द्या. म्हणून आज अर्धी शिफ्ट टाकून आले.

जबाब चालू असताना ४.०५ वा. संस्थेतून फोन आला. थोरलीला सोडण्याचा कोर्टाचा आदेश मिळाला, तिने सही केली आणि ती दिपालीबरोबर गाडीत बसून गेली. दिपालीचा फोन बंद लागतो. मी साहेबांचे पाय धरले. साहेब म्हणाले, अठराच्या आतली असती तर अपहरण लावून आत्ता नाकाबंदी केली असती. सज्ञान असल्यास हरवल्याची नोंद होते. हवालदारांनी वय काय टाकू विचारले. मी सोळा सांगितले. साहेबांनी दाखल्याची झेरॉक्स पुढे सरकवली. रकान्यात अठरा टाकले आहे.

मिनलची शाळा पाचला सुटते. मला आता जाऊ द्यावे.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. थोरलीचे वय सोडून बाकी सगळे माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

जबाब देणार,
सरूबाई भीमराज ओव्हाळ
(सही)